नाकपुड्या रुंद आहेत, सोलापुरात राहतो, त्या कमी करता येतील का?

येतात. या शस्त्रक्रियेला 'अलार बेस रिडक्शन' म्हणतात. नाकपुडी गालाला जिथे टेकते, तिथली काही मिलिमीटर त्वचा पाचरीसारखी कापून टाके घालतात. बहुतेकदा फक्त ती जागा बधिर करून भागतं, त्याच दिवशी घरी. टाके साधारण आठवड्याभरात निघतात, व्रण घडीत लपतो.

पण घाई नको. कापलेलं परत जोडता येत नाही. जास्त कापलं तर नाकपुडी चिमटल्यासारखी दिसते, श्वासालाही त्रास होतो. नाकाचं टोक बसकं असेल तर ते उचललं की नाकपुड्या आपोआप अरुंद दिसतात, म्हणजे मूळ उपाय ऱ्हायनोप्लास्टी, नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया. फक्त हसताना फुगत असतील तर बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) चालतं, तीन-चार महिने टिकतं. ऑनलाइन मिळणाऱ्या नाकाच्या क्लिपा? पैसे पाण्यात.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का, ते बघा; ब्यूटी पार्लरवाल्यांच्या नादी लागू नका. जखमेचे व्रण जाड होत असतील तर आधीच सांगा. आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन टाळा, ताजा व्रण उन्हानं काळवंडतो. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा जत्रा उरकली की फेब्रुवारीच्या सुरुवातीला करून घ्या, जत्रेतली धूळही चुकेल.