वाचक विचारतात : कॉली मेंढ्यांना चावतो, काय करावं?

प्रश्न : माझं सासर आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात आहे. घरच्या 40 ब्लॅकफेस (काळ्या तोंडाच्या जातीच्या) मेंढ्या आहेत. आमचा 10 महिन्यांचा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा थेट कळपात घुसतो, मेंढ्या पांगवतो आणि मांडीची लोकर दातात धरून लोंबकळतो. ओरडलं की आणखी चेकाळतो. हा स्वभावदोष आहे का?

उत्तर : नाही, अंतर चुकतंय. आपल्या धनगरांचा कुत्रा लांडग्यापासून कळप राखतो. कॉलीचं काम मेंढ्या वळवायचं, आणि तेही लांबूनच. तो जवळ गेला की मेंढ्या उधळतात, मग तो पाठलाग करतो आणि त्या धावपळीत चावतो.

उघड्या डोंगरावरचा सराव आजच बंद करा. 30-40 मीटर रुंदीचं, गोलसर कोपऱ्यांचं कुंपण घ्या. चौकोनी कुंपणाच्या कोपऱ्यात अडकलेली मेंढी उलटून पळते आणि कुत्रा नेमका तिथे दात लावतो. कुत्र्याला सरावलेल्या 5-6 शांत मेंढ्या पुरेत. विण्याआधीचे शेवटचे 6 आठवडे गाभण मेंढ्या अजिबात वापरू नका. डोंगरावरचे कळप बहुधा एप्रिलमध्ये वितात, हे धरून हिशेब करा.

‘लाय डाउन’ (खाली बस) हा हुकूम आधी अंगणात, मेंढ्यांशिवाय पक्कं करा. मग कुत्र्याच्या पट्ट्याला 8-10 मीटर हलकी दोरी बांधून ती लोंबती सोडा. मेंढ्या घड्याळाच्या मध्यावर आहेत असं समजा : तुम्ही 6 वर, कुत्रा 12 वर. मेंढ्या तुमच्याकडे आणायची ओढ त्याच्यात उपजतच असते, म्हणून तुम्ही सरकलात की तोही सरकून समोरची जागा धरतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघाला की ‘कम बाय’, उलट निघाला की ‘अवे’. शब्द तो वळल्यावरच उच्चारा. आधी हुकूम देऊन ढकलू नका.

तो आत घुसू लागला की मागे धावू नका. त्याच्या खांद्याच्या रोखाने दोन पावलं पुढे जा आणि काठी जमिनीवर आपटा. मारायचं नाही. त्याने तोंड बाहेर वळवून फेरा रुंद केला, की त्याच क्षणी मागे सरा आणि मेंढ्या त्याला वळवू द्या. हेच त्याचं बक्षीस, खाऊ लागत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथे : कुत्रा बरोबर वागला तरी ते मागे सरून त्याच्यावरचा दाब सोडतच नाहीत. ओरडण्याने तो चेकाळतो, म्हणून आवाज खालचा ठेवा. दहा मिनिटांत, तो ऐकत असतानाच, ‘दॅटल डू’ (आता पुरे) म्हणून बाहेर काढा.

प्रश्न : त्याला मेंढीचं कच्चं मांस चालेल का?

उत्तर : नको. त्यातून टीनिया ओव्हिस हा पट्टकृमी त्याच्या आतड्यात वाढतो. कृमीची अंडी विष्ठेतून कुरणात जातात, चरताना मेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या हृदयात व स्नायूंत गाठी धरतात. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण कत्तलखान्यात मांस नाकारलं जातं. पशुवैद्याला विचारून प्राझिक्वांटेल या पट्टकृमीवरच्या औषधाचा डोस ठरवून घ्या. मेलेली मेंढी कुत्र्याच्या तोंडी लागेल अशी पडू देऊ नका. मेंढ्यांना इव्हरमेक्टिन हे जंतनाशक पाजताना सांडलेलं औषधही त्याला चाटू देऊ नका. काही कॉलींना जनुकीय दोषामुळे ते विषारी ठरतं.