पाकीट कमी भरलं, तर केस कुणावर आणि कशी?

ताई, घणसोलीच्या सुपरमार्केटमधून आणलेली 200 ग्रॅम शेवेची तीन पाकिटं घरच्या काट्यावर 190 च्या आसपास भरली, एक तुम्ही फोडलंत आणि आता दुकानदारावर केस करायची म्हणताय. आधी दुकानदाराला सोडा. सीलबंद पाकिटात माल कमी निघाला, तर सगळ्यात आधी पाकिटावर ज्याचं नाव-पत्ता छापलाय त्या उत्पादकाला किंवा पॅकरला धरायचं. दुकानातच तोलून पॅक केलेला सुकामेवा असता, तर गोष्ट वेगळी.

फोडलेलं पाकीट पुरावा म्हणून जवळपास बाद. उरलेली दोन तशीच ठेवा, बिल जपा आणि जमलं तर त्याच बॅचची आणखी काही आणा. घरच्या काट्यावर सरकारी शिक्का नसतो, त्यामुळे मुद्रांकन झालेल्या काट्यावर पुन्हा तोला. आणि 190 पिशवीसकट ना? निव्वळ वजन म्हणजे फक्त आतली शेव. फोडलेल्या पाकिटाची रिकामी पिशवी तोलून वजा करा, तूट आणखी वाढेल.

आता कंपनी काय म्हणेल ते ऐका. 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज, म्हणजे पाकीटबंद मालाच्या नियमांत एका 200 ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार टक्के, म्हणजे 9 ग्रॅम इकडेतिकडे चालतं. हा आकडा ते हमखास तोंडावर फेकतात. पुढचं वाक्य मात्र गिळतात: तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे काही पाकिटं हलकी निघाली, तर काही जड निघायलाच हवीत.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत फरसाणच्या पॅकिंग लाइनवर काम केलंय, म्हणून सांगतो. शेवेचा चुरा आणि तेल मशीनच्या तोलायच्या बकेटांना चिकटत जातं. बकेट मोकळी झाली असं मशीन धरून चालतं, पण थोडा माल आतच राहिलेला असतो. शहाणा ऑपरेटर सेटिंग 203 वर ठेवतो, मधूनमधून बकेटा पुसतो. मालकाला ते वरचे 3 ग्रॅम फुकट गेल्यासारखे वाटतात, तो काटेकोर 200 लावायला सांगतो. मग संध्याकाळच्या पाळीचा माल हलकाच निघतो. दरवेळी लबाडीच असते असं नाही, पण कायदा हेतू विचारत बसत नाही.

माझं मत विचाराल तर आधी वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे लेखी तक्रार करा, किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. निरीक्षक कारखान्यात जाऊन बॅचचे नमुने तोलू शकतो, तुम्ही नाही. 2009 च्या वैधमापन कायद्यातल्या कलम 36 मध्ये अशा तुटीला पहिल्या गुन्ह्यासाठी 10,000 ते 50,000 रुपये दंड लिहिलाय. तो सरकारजमा होतो, तुमच्या हाती दमडी येत नाही.

भरपाई हवी तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट. केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने 2024 मध्ये ब्रिटानियाच्या 300 ग्रॅमच्या बिस्किट पुड्यांसाठी कंपनी आणि विक्रेत्याला भरपाई-खर्च मिळून 60,000 रुपये द्यायला लावले. पुडे भरले होते 268 आणि 249 ग्रॅम, आणि तक्रारदाराने ते आधी तिथल्या वैधमापन विभागाकडून तोलून घेतले होते. तेच कामी आलं.

कंपनी परराज्यातली असली तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. शेवेचा पुरावा मात्र तोवर टिकायला हवा, घरात कुणाला त्या दोन पाकिटांना हात लावू देऊ नका.