जुन्या कायद्यांची वही घेऊन करिअर होतं का?

तुझं पत्र वाचलं. बारावीला आहेस, लॉ करायचंय, वापरात नसलेल्या विचित्र कायद्यांनी वही भरत आणलीयस आणि बाबा म्हणतात यावर पोट भरत नाही. बाबांचं अर्धं बरोबर आहे, नुसत्या वहीवर खरंच नाही भरत, पण जुने कायदे तपासून काढायचे ते काढायचं, हे काम मात्र खरंच असतं.

आधी ती वही साफ कर. ब्रिटनच्या संसदेत मरायला बंदी आहे असं लिहिलंयस, ती निव्वळ थाप, असा कायदाच नाही असं तिथल्या लॉ कमिशननेच, म्हणजे कायदे तपासून बदल सुचवणाऱ्या सरकारी संस्थेनेच, सांगून टाकलंय. पण चिलखत घालून संसदेत यायचं नाही हा १३१३ चा कायदा मात्र खरा, अजून रद्द झालेला नाही. तू नेटवरची यादी उतरवलीस की मूळ कायदा उघडून बघितलास, या लाइनमध्ये पहिल्यांदा तेच बघतात.

कायदा नुसता धूळ खात पडला म्हणून सहसा मरत नाही गं. १८१७ मध्ये इंग्लंडात खुनाच्या आरोपातून सुटलेल्या अब्राहम थॉर्नटनवर मेलेल्या मुलीच्या भावाने परत केस लावली, तर याने भर कोर्टात हातमोजा फेकला, म्हणाला चल, लढून निकाल लावू. तसा हक्क कित्येक पिढ्या कुणी वापरलेला नव्हता पण रद्दही कुणी केलेला नव्हता, कोर्टाला मानावंच लागलं, भावाने माघार घेतली आणि १८१९ मध्ये संसदेने ती भानगड एकदाची काढून टाकली. उलटंही होतं बरं का. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांना हॉटेलात नाकारू नका सांगणारे १८७२-७३ चे कायदे सगळे विसरून गेलेले, १९५३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते अजून लागू आहेत म्हटलं. त्यामुळे जुनं दिसलं की उडवा म्हणणारा माणूस या कामाला नकोच.

काम कुठे, तर लेजिस्लेटिव्ह ड्राफ्टिंग (कायद्यांचे मसुदे लिहिणं), लॉ कमिशन, सरकारचे कायदा विभाग. एक कलम काढायचं तर ते आणखी कुठल्या कायद्यात, नियमात, नोटिफिकेशनमध्ये घुसलंय ते हुडकत बसायचं, आणि चालू केसेस, दिलेले परवाने लटकू नयेत म्हणून सेव्हिंग क्लॉज, म्हणजे त्यांना सांभाळून घेणारं कलम, लिहायचा. कंटाळवाणं आहे, लपवत नाही, जागाही कमीच, म्हणून आधी काही वर्षं प्रॅक्टिस केलेली बरी, बाबाही शांत राहतील.

सुट्टीत वहीतला एकच कायदा घे, मूळ मजकूर, सगळ्या दुरुस्त्या, आज लागू आहे की नाही, शेवटपर्यंत जा. दोन दिवसांत जांभया आल्या तर कोर्टातली वकिली बघू, नाहीतर जे सापडेल ते मला पाठव.