ट्रायलला हो म्हणण्याआधी

अगं, तुझा मेसेज वाचला. कोडावरच्या क्रीमची ट्रायल आहे, नाव देऊ का असं विचारलंयस आणि खाली पटकन लिहून टाकलंयस की डिसेंबरपासून स्थळं बघायला लागणार, तोवर चेहरा नीट व्हायला हवा. मला त्या शेवटच्या वाक्याचीच काळजी वाटते.

ट्रायलमध्ये जरूर जा, पण ती तारीख डोक्यात ठेवून जाऊ नकोस. औषध चालतं का हे अजून ठरायचंय म्हणून तर ट्रायल असते ना, आणि ते ठरवायला काही जणांना नुसती बेस क्रीम देतात, औषध नसलेली, कोणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. रुक्सोलिटिनिबचं क्रीम बघ, अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला कोडासाठी मान्यता मिळाली. त्याच्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये तिघांतल्या एकाला पहिले २४ आठवडे नुसती बेसच होती, नंतर त्यांनाही औषध दिलं. आणि ज्यांना पहिल्यापासून औषध होतं त्यांच्यातही २४ आठवड्यांनी चेहऱ्यावरचे डाग पाऊण हिश्श्याने तरी भरलेत असे साधारण ३० टक्केच. नुसत्या बेसवाल्यांपेक्षा हे कितीतरी चांगलं आहे, पण डिसेंबरचा भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या पेशींमधून, म्हणून आधी डागाच्या आत केसांभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसतात, मग ते पसरत पसरत एकमेकांना मिळतात. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, त्यामुळे तिथे औषध फार कमी चालतं. तुझ्या बोटांवर डाग आहेत म्हणून आधीच सांगते.

तपासणीला अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, धरतील, डाग निळसर पांढरे चमकतील आणि एरवी न दिसणारे काही नवेच दिसतील, तेव्हा घाबरू नकोस, ते आधीपासून तिथेच होते.

एक मात्र नक्की विचार, सध्याची ट्रीटमेंट बंद करावी लागेल का. बहुतेक ठिकाणी लागते. नॅरोबँड लाइटने, म्हणजे अतिनील किरणांच्या उपचाराने, तुला फरक पडत असेल तर ती सोडून ट्रायलमध्ये जाऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत.

आणि संमतीच्या फॉर्मवर त्याच दिवशी सही नाही करायची, घरी आणायचा. सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर बघ, आपल्याकडे नोंदणीशिवाय ट्रायल चालत नाही. एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर फॉर्मवर आहे का बघ. ट्रायल्सच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे काही त्रास झाला तर उपचार फुकट करून द्यावे लागतात, आणि मधेच सोडायचं झालं तर कारण सांगायची गरज नाही. चेहऱ्याचे फोटो काढतील, ते कोण बघणार, कुठे छापणार का, हे सही करण्याआधी विचार, लाजू नकोस.

पुण्यात श्वेता असोसिएशन म्हणून कोड असलेल्यांचा गट आहे, त्या लोकांना एकदा भेट, आईलाही ने. कोड शिवून लागत नाही हे मी आणि तू सांगून तिला पटत नाहीये, कोड अंगावर घेऊन संसार, नोकऱ्या करणारी माणसं समोर बसली की बोलणं वेगळं होतं.

फॉर्म मिळाला की रविवारी घरी ये, सगळी पानं सोबत वाचू.

तुझी ताई