शीट हिरवीगार, पोरगा मात्र मॅचमध्ये गायब

मी समुपदेशक आहे, आणि एक फोन मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतोच. माणसं वेगळी, कधी खेळही वेगळा, पण बोलणं तेच. मॅडम, चांगला ट्रेनिंग प्रोग्रॅम लावलाय, सगळं टाइमटेबलप्रमाणे चाललंय, तरी मुलाचा खेळ सुधारत नाहीये, उलट मागे जातोय, त्याचं मनच नाही की काय ते बघता का जरा? प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ही एका बापलेकाची गोष्ट आहे. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगा 14 वर्षांचा, फुटबॉल खेळणारा, मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. वडील पहिल्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आले. 12 आठवड्यांचा प्रोग्रॅम, सोमवारी जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनमधून बॉल नेत ड्रिबलिंग, मंगळवारी भिंतीवर पासिंग, बुधवारी फक्त डावा पाय, गुरुवारी स्प्रिंट वगैरे, आणि सगळ्याची शीट. जगलिंग, म्हणजे बॉल खाली न पडू देता उडवत राहणं, 19 वरून 84 वर गेलं होतं. मॅचचीसुद्धा शीट, बरोबर पास दिला की हिरवं, बॉल गमावला की लाल. आणि खरं सांगते, शीट सुंदर होती, आठव्या आठवड्यानंतर जवळजवळ सगळी हिरवी.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"कोच म्हणतात हा मॅचमध्ये दिसतच नाही."

मुलगा पहिल्या दोन भेटीत काही बोलला नाही. हो, ठीक आहे, माहीत नाही, एवढंच. अशा वेळी खोदायचं नाही हे मी इतक्या वर्षांत शिकलेय (सुरुवातीला मीही खोदायचे). तिसऱ्या भेटीत मी कागदावर मैदान काढलं आणि म्हटलं, मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, तू कुठे उभा असतोस ते दाखव. त्याने पेन्सिल घेऊन समोरच्या टीमच्या एका खेळाडूच्या बरोब्बर मागे फुली मारली.

"इथे का?"

"इथे पास येत नाही."

"तुला पास नको असतो?"

बराच वेळ गप्प. मग खाली बघतच म्हणाला, "बॉल आलाच नाही तर लाल पडत नाही ना."

त्या वाक्यावर मी आजही थांबते. सगळे म्हणत होते मुलाचा फोकस नाही, मेहनत नाही, आणि इथे तर पोराने प्रचंड डोकं लावलं होतं! आपण त्याला एक खेळ दिला होता, लाल न पडण्याचा, आणि तो खेळ तो उत्तम शिकला होता. चुकूनमाकून बॉल आलाच तर लगेच जवळच्याला मागे द्यायचा, की पडलं हिरवं. म्हणजे प्रोग्रॅम काम करत होता, फक्त फुटबॉलवर करत नव्हता.

माझा कल लपवत नाही, डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं मला कायम पटत आलंय. माणूस मनापासून कधी करतो, तर थोडी निवड त्याची स्वतःची असते, आपल्याला जमतंय असं त्याला वाटतं आणि चुकलं तरी आपली माणसं आपलीच राहतील याची खात्री असते तेव्हा. या मुलाच्या 12 आठवड्यांत त्याने स्वतः निवडलेलं काय होतं हे मी वडिलांना विचारलं. ते स्क्रीनवर वरखाली शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "बुटांचा रंग."

आता माझी चूकही सांगते. मी हुशारी करून म्हटलं, लाल मोजू नका, त्याने समोरच्याला चकवायचा प्रयत्न किती वेळा केला ते मोजा. झालं, पुढच्या मॅचला पोरगा गरज नसताना तीन-तीन जणांच्या अंगावर बॉल घेऊन जायला लागला, टीममधली मुलं वैतागली. मोजणारे डोळे तेच होते, मी फक्त रंग बदलला होता. मग मात्र सरळ सांगितलं, मॅचची शीट बंद, मोजायचं असेल तर तो स्वतःच एक गोष्ट ठरवेल आणि ती तुम्हाला सांगायची की नाही हेही तोच ठरवेल. त्याने काय ठरवलं होतं ते मला कितीतरी दिवसांनी कळलं: पास मिळायच्या आधी एकदा मान वळवून मागे बघायचं. एवढंच. कोणत्याही कोचला ऐकून आनंद होईल अशी गोष्ट, आणि ती त्याला कुणीही सांगितलेली नव्हती.

प्रोग्रॅम वाईट असतो असं मी म्हणतच नाहीये, शिस्त हवीच. पण बघा, कोन जागचा हलत नाही आणि बॉल हिसकावायला येत नाही. एकच गोष्ट ओळीने पन्नासदा केली की सरावात छान दिसते, आणि वेगवेगळ्या गोष्टी मिसळून केल्या की सराव गबाळा दिसतो पण नंतर जास्त टिकतो. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर 1979 मध्येच हे दाखवलंय. म्हणून आठवड्यातले निदान दोन दिवस तीनास तीन, चारास चार असे छोटे सामने खेळू द्या आणि कोच सोडून कुणी बाहेरून ओरडू नका.

दुसरं म्हणजे वय. मुलगे साधारण 13-14 ला झपाट्याने उंच होतात, पाय लांब होतात आणि बॉलवरचा जमणारा टच काही काळ बिघडू शकतो. त्याला आळस म्हणू नका. गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, समुपदेशक नंतर. आणि हो, या वडिलांनी वॉर्मअप कापला होता! 14 आणि पुढच्या वयासाठी फिफाचा इलेव्हन प्लस म्हणून जेमतेम 20 मिनिटांचा वॉर्मअप आहे, आठवड्यातून दोनदा तरी नीट केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. का कापला विचारलं तर म्हणाले त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी आणि रात्रीची 8 ते 10 तास झोप, हेही कुठल्या रकान्यात बसत नाही म्हणून राहून जातं.

मुलगा काही स्टार झाला नाही, दोन मॅच तर बेंचवरच होता. पण त्या फुलीवरून तो हलला, मोकळ्या जागेत यायला लागला, बॉल मागायला लागला, आणि साहजिकच गमवायलाही लागला. वडिलांना हे बघणं किती जड गेलं ते मला माहितीये, दोनदा मध्येच फोन केला होता त्यांनी. मग एका रविवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "मॅडम, आज अजिबात मोजलं नाही. नऊ वेळा गेला बॉल."