अर्ज द्यायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी आयर्विन पुलावर फिरायला गेलो तरी डोक्यात तेच चालू होतं. गॅदरिंगच्या स्टेजवरून स्वतःच्या लैंगिकतेबद्दल सगळं बोलून टाकणार म्हणतोस, ते नको करू, त्यापेक्षा अर्ज दे. अशा धार्मिक ट्रस्टच्या संस्थेत पहिला फोन घरी जातो, आणि फी, मेसचे पैसे बाबा भरतात, म्हणून घरातल्या एखाद्या आत्याला, मावशीला आधी विश्वासात घे. आणि हॉस्टेलच्या त्या दुसऱ्या मुलाचं नाव कुठंच घ्यायचं नाही, त्यानं तुला सांगितलंय, संस्थेला नाही.

ट्रस्टींशी धर्मावर वाद घालू नको. अर्जात मागणी एकच ठेव. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनं लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर हे दोन्ही आलेत, म्हणजे त्यावरून कुणाला छळलं, वेगळं पाडलं तर ते रॅगिंगच. तो नियम मराठीत हॉस्टेलच्या बोर्डावर लावा, खाली हेल्पलाईन १८०० १८० ५५२२ लिहा, बास. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नको.

हे एवढं बारीक सांगतोय कारण ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत म्हणून, तेव्हा मी एका कॉलेजात शिकवत होतो, त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या पोरांनी एकाची गादी, ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवली आणि रेक्टर म्हणाले, सर तुम्ही यात पडू नका. मी नाही पडलो. दिवाळीनंतर तो पोरगा परत आलाच नाही. माझ्या हातात तेव्हा २०१६ चा नियम होता रे, मी वाचलाच नव्हता.

आणि तुझी श्रद्धा लपवू नको. तू वारीत चाललायस, आरतीला असतोस, ते त्यांना दिसू दे. विठ्ठलाला माउली म्हणताना आपल्यातलं कुणी अडखळत नाही, आणि यल्लम्माचे जोगते साडी नेसून, परडी घेऊन दारात आले की माझी आई आधी जोगवा वाढायची आणि मग पाया पडायची, तिला कधी कुणी विचारलं नाही की हा बाई का पुरुष. तू बाहेरून आलेला नाहीस, त्याच देवळातला आहेस.

शनिवारी विश्रामबागला घरी ये. अर्ज एकत्र लिहू, खाली माझीही सही करतो.

तुझे सर