मोबाईलमुळे तरुण मुली घरच्यांपासून तुटत चालल्या आहेत का?

बहीण २० वर्षांची आहे, कॉलेजातून आली की फोन घेऊन बसते, आईशी धड बोलत नाही, तर रात्री तिचा फोन काढून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, घर एकत्र. २०२० ला सगळं शिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा घरात धड चालणारा स्मार्टफोन एकच होता. मी बारावीला, चुलतभाऊ दहावीला. फोन त्याला मिळाला. मला वेगळा घ्यायचा विषय निघाला तर मोठे काका म्हणाले, "पोरीच्या हातात फोन दिला की पोरगी गेलीच म्हणून समजा." वडील गप्प बसले. मी मैत्रिणीकडं जाऊन तिच्या वहीवरनं उतरवून घेत वर्ष काढलं. पुढं मामानं फोन घेऊन दिला, त्यावरूनही धुसफूस झालीच. फोन वाजला की काकांचा प्रश्न ठरलेला: "कोण आहे गं?"

मग २०२४ चा जुलै आला आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर भरायची वेळ आली. काकींचा अर्ज भरायला काकांनीच मला हाक मारली. त्यांच्यामागोमाग गल्लीतल्या बायका आल्या. दिवसा ॲप चालायचं नाही, ओटीपी वेळेत यायचा नाही, म्हणून मी रात्री सगळे झोपल्यावर बसायचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायका तहसीलला हेलपाटे घालत होत्या; पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला लागत नाही, हे मी फोनवर वाचून त्यांना सांगितलं. काकी पदर सारखा करून खिडकीपाशी उजेडाला उभ्या राहिल्या, फोटोत डोळे मिटले, परत काढला. हमीपत्राचा फोटो हलला, तोही परत काढला. एवढं करून कळलं की त्यांचं आधार कुठल्यातरी जुन्याच खात्याला जोडलेलं आहे, आणि त्या खात्याचं पासबुक घरात कुणी बघितलेलंही नव्हतं. बँकेत त्यांच्याबरोबर मीच गेले. रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये जमा झाले. मेसेज मला वाचायला लावला आणि म्हणाल्या, "मला शिकव गं, माझं मला बघता आलं पाहिजे."

त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत फोनवर असते म्हणून मला घरात कुणी बोललं नाही. घरासाठी वापरला की चालतो आणि स्वतःसाठी वापरला की पोरगी बिघडते, हे मला मान्य नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ५४ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा फोन होता. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. तुमची बहीण भाकरी, भांडी, अभ्यास उरकून फोन घेत असेल तर दिवसातला तेवढाच वेळ तिचा आहे. आईशी बोलत नाही म्हणता, पण आई तिच्याशी लग्नाखेरीज काय बोलते तेही एकदा बघा. जेवताना फोन नको असेल तर नियम ताटावर बसणाऱ्या सगळ्यांना लावा, तुमच्यासकट.

रील्स बघत पहाट होते, झोप जाते, दुसरीचे कपडे आणि दुसरीचा नवरा बघून जीव कुढतो, हे मीही अनुभवलंय. त्यावर तिच्याशी बोला, जरूर बोला. फसवणूक होते, फोटो बदलून धमक्या येतात, हेही खरं. पण असा मेसेज आलेल्या मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की पहिला फोनच जातो, मग कॉलेज. माझ्या वर्गातली एक मुलगी याच भीतीनं कितीतरी दिवस एकटीच रडत होती. आज तुम्ही फोन काढून घेतलात तर उद्या तुमची बहीणही तुम्हाला काही सांगणार नाही. ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, तिथं एकेक तास महत्त्वाचा असतो.

आमची धाकटी चुलतबहीण आता दहावीला आहे. तिच्या फोनचा विषय काका काढतील तेव्हा मी गप्प बसणार नाही, आणि काकीही बसणार नाहीत, तसं त्यांनी मला सांगून ठेवलंय.